नानांचे नारळीकर

२० मे २०२५ ला खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर पुण्यात गेले आणि धरणगावात लोक नानांना भेटायला आले. शेजारच्या वहिनींनी तर पिठलं-भाकरीचं ताट झाकून आणलं. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, हा त्यांचा हिशेब. काकूंनी ताट दारातच अडवलं. “आमना घरमा कोनी मरेल नही, चूल पेटेल शे!” पण नाना ओट्यावर अशा चेहऱ्यानं बसले होते, की वहिनींचं चुकलं असंही म्हणवेना. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, “शहाऐंशी वर्षांचे होते. दोन वर्षांपूर्वी मंगलाबाई गेल्या, आता हे.” ऐकणाऱ्याला वाटावं, नारळीकरांच्या पत्नी मंगलाबाईंच्या हातचा चहा नानांनी कैकदा प्यालाय.

वास्तविक नारळीकरांची नि नानांची भेट कधीच झाली नाही. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाला नारळीकर अध्यक्ष म्हणून नाना नवा सदरा शिवून गेले, तर प्रकृतीमुळे अध्यक्षच येऊ शकले नाहीत. परत आल्यावर कोणी विचारलं, “झाली का भेट?” तर नाना म्हणाले, “थोडक्यात हुकली.” जणू एकाच मांडवात दोघं एकमेकांना शोधत फिरत होते.

असा एक वाचक गावोगाव असतो. कोणाचा पु. ल. असतो, कोणाचा जी. ए., आमच्या नानांचे नारळीकर. असा वाचक आपला लेखक नुसता वाचत नाही, त्याचा कारभार बघतो. आमच्याकडे गारपीट झाली की शेतकरी केळीच्या बागेकडे धावतात आणि नाना गार तळहातावर घेऊन ‘हिमप्रलय’ सांगायला लागतात, मुंबईत बर्फ पडतो ती गोष्ट. एकदा बाग झोपलेल्या एका बापूंनी त्यांना विचारलं, “नाना, मुंबईना बर्फना पंचनामा व्हयना व्हता का?” त्या वर्षी नाना थोडे दिवस गप्प होते. गणपतीत मंडपात शिरले की आरतीआधी सोंड बघणार. सोंड उजवी निघाली, की मूर्तिकाराला बाजूला घेऊन तो मुळात डावखुरा आहे का, याची चौकशी. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ न वाचलेल्या माणसाला हा छळ का होतोय ते कळत नाही.

त्यांची आवडती कथा मात्र पुस्तकातली नव्हे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला. हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून ती मंगलाबाईंकडून लिहून घेतली आणि पहिलं बक्षीस मिळालं. ही हकिकत नाना इतकी रंगवून सांगतात, की शेवटी बक्षीस त्यांनाच मिळाल्यासारखे हात जोडतात. पुढे त्यांनी स्वतः एक विज्ञानकथा लिहिली, तीही टोपणनावानं. “आपल्या नावाचं परीक्षकांवर दडपण नको.” परीक्षक नानांना खऱ्या नावानंही ओळखत नव्हते, हा भाग वेगळा. कथा उतरवून द्यायला काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, “मंगलाबाई गणितमा हुशार व्हत्यात, त्यास्ले जमनं. मी भाकरी टाकू का तुम्हनी गोट लिखू?” कथा नानांच्याच अक्षरात गेली आणि परत आली नाही. अक्षर ओळखलं गेलं असावं, असं नाना अजून म्हणतात. बालकवी ज्या गावात जन्मले, त्या गावानं आता एक विज्ञानकथाकार द्यायला हवा, हेही त्यांचंच म्हणणं. इच्छुक कोण, हे विचारायची सोय नाही.

आठवड्यानं वाचनालयात शोकसभा ठेवली. नानांनी दोन अटी घातल्या, नारळ फोडायचा नाही आणि मुहूर्त बघायचा नाही. २००८ मध्ये नारळीकरांनी दाभोलकर आणि इतरांबरोबर घेतलेली ज्योतिषाची चाचणी त्यांना तोंडपाठ आहे. दोनशे मुलांच्या कुंडल्या, शंभर हुशार नि शंभर मतिमंद, यातली कुठली कोणाची ते सांगा. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली आणि शेहेचाळीस टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी याहून बरं जमलं असतं. (नानांच्या मुलीच्या लग्नात पत्रिका जुळवली होती. “समोरची मंडळी मागत होती,” एवढंच ते बोलतात आणि विषय चंद्रावर नेतात.)

सभा सुरळीत चालली होती. एका वक्त्यानं चांद्रयानावर वीस मिनिटं घेतली, नानांनी सोसलं. दुसरा म्हणाला, “ज्यांनी जगाला बिग बँगचा सिद्धान्त दिला…” नाना उठलेच. एरवी सभेत ते पुस्तकी मराठी बोलतात, राग आला की अहिराणी. “आरे, जलमभर त्याना विरोधमा हुभा ऱ्हायनात त्या! फ्रेड हॉईलना संगे!” मग स्थिर विश्वाची बाजू मांडायला त्यांनी जी सुरुवात केली, ती चहा येईपर्यंत. ठरावाशी पुन्हा गाडं अडलं. ‘मृतात्म्यास शांती लाभो’ या ओळीला त्यांचा आक्षेप. “आत्म्याचा पुरावा काय?” सचिव काकुळतीला आले. “नाना, मग काय लाभो लिहू?” बराच खल होऊन ‘त्यांच्या पुस्तकांस वाचक लाभो’ असा ठराव मंजूर झाला. मला तो आवडला, नानांना सांगितलं नाही.

आणि तिथंच कार्डाचा विषय निघाला. मुलं सही मागायला आली, की नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही करून देईन. नाना तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत. आपण मुलात बसत नाही, म्हणून त्यांनी सातवीतल्या एका पोराच्या नावानं कार्ड टाकलं. उत्तर आलं, चार ओळी नि खाली सही. कार्ड नानांनी दोन काचांमध्ये बसवून बैठकीच्या खोलीत तारेला टांगलं होतं, दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून. पंखा लागला की ते फिरायचं आणि पाहुण्याला उत्तर वाचायला मान फिरवावी लागायची.

ते पोरगं आता चाळिशीचं आहे, बसस्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान चालवतं. सभेत ते उभं राहून नम्रपणे म्हणालं, “सर, कार्डावर नाव माझं आहे.”

“प्रश्न कोणाचा होता?” नाना.

“प्रश्न तुमचा, पण उत्तर मला दिलंय.”

सभागृह दोन तटांत विभागलं. कोणी म्हणालं, रंगीत झेरॉक्स काढा. त्यावर मूळ कार्ड कोणाकडं नि झेरॉक्स कोणाकडं, यावर पुन्हा पाऊण तास गेला. आता वाचनालयाच्या अध्यक्षांनी दोघांना येत्या रविवारी बोलावलंय. नाना जाणार आहेत, पण कार्ड तारेवरून उतरवून त्यांनी धान्याच्या कोठीत ठेवलंय आणि काकूंना बजावलंय, दुकानवाला आला तर सांगायचं, पुण्याला पाठवलंय.