यात सरकार कशाला?

आमच्या सोसायटीतले नाना स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतात. सरकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिली पेन्शन खात्यात जमा झाली, त्याच सकाळी त्यांना ही जाग आली. तेव्हापासून कुठलाही विषय काढा, नानांचा सवाल तयार: ‘‘यात सरकार कशाला?’’ शाळा? बाजार बघेल. एसटी? बाजार बघेल. दारू? ज्याचा घसा त्याचा परवाना! सरकारनं पोलीस, कोर्ट आणि सैन्य सांभाळावं. बाकीचं दोन शहाणी माणसं आपसांत ठरवतील. मुक्त बाजाराचा कैवारी अर्थतज्ज्ञ हायेक, त्याचं नाव तर ते थोरल्या काकांसारखं घेतात.

सवाल वाईट नाही. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या पिढीला तो पडायलाच हवा.

पण २०२३च्या दिवाळीत कांदा चढला. नाना रिकामी पिशवी आपटत म्हणाले, ‘‘सरकार झोपलंय का?’’ सरकार जागंच होतं. ८ डिसेंबरला त्यानं कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावच्या कांदा बाजारात भाव कोसळले आणि नानांच्या घरी पुन्हा भजी तळली जाऊ लागली. मी हळूच विचारलं, ‘‘नाना, यात सरकार कशाला?’’

‘‘छे हो, हे वेगळं! कांदा म्हणजे गरज आहे.’’

हाच सवाल बांधावर उभं राहून विचारणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. शेतकऱ्याला भीक नको, घामाचं दाम द्या, असं ते म्हणत. भाव चढला की निर्यात अडवायची, हा खेळ बंद करा, एवढंच त्यांचं मागणं. पुढे १९९४मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. नानांनी त्याला कधी मत दिलं नाही. ‘‘शेतकरी फार माजलेत,’’ असं तेव्हा त्यांचं मत होतं.

आपल्याकडे १९८९पासून पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. सरकारनं बाजूला व्हावं म्हणणाऱ्या पक्षालाही त्यातून सुटका नाही. नानांना मात्र असं काही लिहून द्यायची गरजच पडली नाही. त्यांची पेन्शन सरकारी बँकेची, कांदा सरकारनं पाडलेल्या भावाचा. स्वातंत्र्य तेवढं त्यांचं स्वतःचं.