चिठ्ठी पेन्सिलीनं लिहावी

क्रिकेटवर बोलायला क्रिकेट खेळता यावं लागत नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. डोटा २ या कॉम्प्युटरवरच्या खेळाचंही तसंच आहे. फरक इतकाच की ही गोष्ट अजून फारशी फुटलेली नाही, त्यामुळे तज्ज्ञांच्या बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. त्या लवकर भराव्यात, या हेतूनं हे मार्गदर्शन.

आधी माझी पात्रता सांगतो. भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो आणि त्याच्या खोलीचं दार नीट लागत नाही. शिवाय २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे मी जातीनं हजर होतो. भाचा तेव्हा सातवीत होता आणि त्याला एकट्याला पाठवायला ताई तयार नव्हती. आजूबाजूची पोरं उठून ओरडली की मीही उठायचो. दोन तासांत एवढं ध्यानात आलं की उठायला थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही. चेहरा मात्र असा हवा की आपल्याला हे मघाशीच दिसलं होतं. या शास्त्राचा पाया तोच.

आता या धंद्यातली सगळ्यात मोठी जत्रा म्हणजे 'दि इंटरनॅशनल'. २०११ साली जर्मनीतल्या कलोनला ती पहिल्यांदा भरली, तेव्हा एकूण बक्षीस १६ लाख डॉलर होतं आणि त्यातले १० लाख युक्रेनच्या नावी या संघानं नेले. पुढे २०१३ पासून खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं वर्गणी सुरू केली. प्रेक्षकांनी खेळातल्या शोभेच्या वस्तू विकत घ्यायच्या. त्यातला चौथा हिस्सा बक्षिसात, उरलेले तीन मंडळाकडे. असा हिशेब आपल्या कुठल्या मंडळानं फळ्यावर लिहिला असता तर कार्यकर्त्यांना विसर्जनापर्यंत घरी जाता आलं नसतं. इथे मात्र लोकांनी आनंदानं पैसे दिले आणि २०२१ साली बुखारेस्टला बक्षीस ४ कोटी डॉलरवर गेलं. दोनच वर्षांनी वर्गणीची तऱ्हा बदलली, तेव्हा ते ३१-३२ लाखांवर उतरलं. तज्ज्ञांची संख्या मात्र त्या प्रमाणात उतरली नाही, यावरून हे काम निरपेक्ष बुद्धीनं चालतं हे सिद्ध होतं.

खेळाची माहिती किती हवी? भाजीत हिंग लागतो तेवढी. दोन्ही बाजूंना पाच-पाच जण. सव्वाशेच्या आसपास पात्रं आहेत, त्यातलं प्रत्येकाच्या वाट्याला एक. समोरच्यांचा 'एन्शंट' नावाचा मुख्य बुरूज पाडला की जिंकलं. बाकी पडद्यावर जे चालतं ते दिवाळीच्या आदल्या दिवशी गच्चीवरून लक्ष्मी रोड बघितल्यासारखं असतं. उजेड भरपूर, पण कोण कुणाच्या अंगावर चाललंय ते उमगत नाही. तिकडे फार वेळ बघू नये, डोळ्यांना त्रास होतो.

बघायची ती माणसं. संघातल्या पाच जणांना एक ते पाच असे क्रमांक असतात आणि ही सगळी रचना आपल्या एकत्र कुटुंबावरून घेतली असावी अशी मला दाट शंका आहे. पहिला म्हणजे घरातला लाडका. तो अर्धा तास कुणाच्या अध्यात ना मध्यात; एका कोपऱ्यात सोनं गोळा करत बसतो, आणि त्याला कुणी त्रास देऊ नये म्हणून बाकीचे चौघं मरायला पुढे होतात. दुसरा मधल्या वाटेवर एकटा भांडतो. तिसरा भिंत. चौथा सगळ्यांच्या हाकेला धावतो. पाचव्याच्या हातात पैसा टिकत नाही, कारण आलेला पैसा घराच्या चारी बाजूंना राखणीचे 'वॉर्ड' लावण्यात जातो. तो शेवटी जेवतो आणि उरलेलं जेवतो. गंमत अशी की घर तोच चालवतो. २०१५ साली जिंकलेल्या इव्हिल जीनियसेसचा पीपीडी आणि २०१७ साली जिंकलेल्या टीम लिक्विडचा कुरोकी, दोघंही असेच शेवटच्या पंगतीतले आणि दोघंही कर्णधार. म्हणून कुठल्याही संघाबद्दल काही सुचेना झालं तर बेलाशक म्हणावं, "त्यांचा पाच नंबर समजूतदार आहे." पाच नंबरकडे कुणीच बघत नसल्यामुळे हे खोडून काढायला पुरावा मिळत नाही.

तज्ज्ञाचं खरं कुरण म्हणजे ड्राफ्ट. सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही कर्णधार आळीपाळीनं काही पात्रं बाद करतात आणि काही आपल्याकडे घेतात. म्हणजे लग्नाआधीची बैठकच. त्या वेळी कुठलाही ड्राफ्ट पाहिला की 'धाडसी' म्हणावं. जिंकले तर धाडस फळाला आलं, हरले तर अंगाशी आलं. शब्द बदलायची गरज पडत नाही. २०१९ साली शांघायला ओजी संघाच्या आनानं आयो घेतला. आयो म्हणजे उजेडाचा एक गोळा. दुसऱ्याला बांधून घ्यायचं आणि त्याची सेवा करायची, एवढंच त्याचं काम, असा सगळ्यांचा समज. आनानं त्याला थेट लाडक्या मुलाच्या पाटावर बसवलं. पुजाऱ्याला मूर्तीच्या जागी ठेवल्यासारखंच ते. ओजीनं अंतिम सामना ३-१ असा जिंकला, आणि आदल्या आठवड्यात डोक्याला हात लावणारे तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी आयोची महती समजावून सांगत होते. याला मी घसरण म्हणत नाही. याला मी तयारी म्हणतो.

उलट उदाहरण बुखारेस्टचं. टीम स्पिरिट आणि चीनचा पीएसजी.एलजीडी यांच्या अंतिम फेरीत दोन-दोन अशी बरोबरी झालेली. स्पिरिटच्या कोलॅप्सचं मॅग्नस हे पात्र त्या स्पर्धेत धुमाकूळ घालत होतं आणि शाळेतल्या पोरांनाही ते ठाऊक होतं. पाचव्या डावात एलजीडीनं ते बाद केलंच नाही. स्पिरिटनं उचललं, जिंकले. आजही चार डोटावाले एकत्र जमले आणि बोलणं संपत आलं की कुणीतरी म्हणतं, "मॅग्नस का सोडला?" होतकरूंनी हे वाक्य पाठ करावं. कुठल्याही पराभवावर चालतं, मॅग्नस त्या डावात नसला तरी.

यानंतर फॉर्म. मोठ्या स्पर्धेआधीच्या मोसमात कोण कुणाशी कसं खेळलं यावरून संघांची उतरंड लावायची असते. ही उतरंड मी स्वतः दरवर्षी लावतो आणि ती अत्यंत शास्त्रीय असते. २०२३ च्या मोसमात लिमा, बर्लिन आणि बाली अशा तीन मोठ्या स्पर्धा झाल्या. तिन्ही गेमिन ग्लॅडिएटर्सनी जिंकल्या आणि तिन्ही अंतिम सामन्यांत त्यांच्यासमोर टीम लिक्विडच होता. यावरून निघणारे निष्कर्ष दोन: एक, सिअॅटलची 'इंटरनॅशनल' ग्लॅडिएटर्स जिंकणार, दोन, लिक्विडला ग्लॅडिएटर्स कधीच पेलणार नाहीत. पहिला निष्कर्ष त्याच वर्षी स्पिरिटनं ३-० असा निकालात काढला. दुसरा पुढच्या वर्षी कोपनहेगनला, अंतिम सामन्यात, लिक्विडनं ग्लॅडिएटर्सना ३-० हरवून. उतरंड बरोबरच होती. गाडगी चुकली.

ज्यांना एवढं गणित झेपत नाही त्यांच्यासाठी सम-विषमाचा नियम आहे. हा मी शोधलेला नाही, परंपरेनं आलेला आहे. २०११ पासून बघा: विषम साली पाश्चात्त्य संघ, सम साली चिनी. नावी, मग इन्व्हिक्टस. अलायन्स, मग न्यूबी. इव्हिल जीनियसेस, मग विंग्ज. २०१७ ला पुन्हा पाश्चात्त्य लिक्विड. सात वर्षं हा नियम घड्याळासारखा चालला. पंचांगातही एवढी नियमितता सापडत नाही. २०१८ सम वर्ष होतं, अंतिम फेरीत चीनचा एलजीडी होता, सगळं जुळत होतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण मूल्यमापन या प्रकाराची जी काही इज्जत होती ती याच ठिकाणी गेली.

२०१८ च्या मे महिन्यात ओजी या संघाचं घर फुटलं. ओजीनं त्याआधी 'मेजर' म्हणवल्या जाणाऱ्या चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या, पण 'इंटरनॅशनल'च्या विजेत्याला मिळणारी ढाल कधी नाही. नोटेल हा त्यांचा मूळचा खेळाडू आणि नंतरचा कर्णधार. फ्लाय त्याचा कित्येक वर्षांचा जोडीदार. तो आणि एसफोर असे दोघं ऐन वेळी इव्हिल जीनियसेसकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांनी काय करावं? प्रशिक्षक असलेल्या सेबला खेळायला बसवलं. सुट्टीवर गेलेल्या आनाला परत बोलावलं. टॉप्सन नावाचा एक फिनलंडचा पोरगा आणला, जो एवढ्या मोठ्या मंचावर आधी कधी बसला नव्हता. संघ असा बदलल्यामुळे, ज्या पात्रता फेरीत कुणीही गल्लीतला संघ नाव देऊ शकतो तिथून त्यांनी सुरुवात केली. कुठल्याही शहाण्या माणसानं हे स्थळ पत्रिका न बघताच परत पाठवलं असतं, आणि शहाण्यांनी पाठवलंही. व्हँकुव्हरच्या 'इंटरनॅशनल'मध्ये ओजीसमोर उभे राहिले इव्हिल जीनियसेस, म्हणजे सोडून गेलेले फ्लाय आणि एसफोर. ओजी २-१ नं जिंकले. मग अंतिम सामन्यात एलजीडीविरुद्ध एक-दोन असे मागे पडून ३-२. आणि पुढच्या वर्षी आयोवाली ढालसुद्धा त्याच पाच जणांनी नेली.

सम-विषमाचा नियम त्या दिवशी मेला. तेव्हापासून २०२५ पर्यंत एकाही चिनी संघानं ढाल उचललेली नाही, मग साल सम असो की विषम. यात मला एकाच माणसाचं खरोखर वाईट वाटतं. एलजीडीचा पहिल्या क्रमांकाचा आमे २०१८ ला ३-२ नं हरला. २०२१ ला, मॅग्नसच्या दिवशी, पुन्हा ३-२ नं. २०२५ ला हँबुर्गमध्ये एक्स्ट्रीम गेमिंगकडून खेळताना टीम फाल्कन्सपुढे परत ३-२. सात वर्षांत तीन वेळा पाचव्या डावापर्यंत. हे तज्ज्ञ म्हणून लिहीत नाही. त्या रात्री भाच्याच्या दारातून मी टीव्ही बंद करायला सांगायला गेलो होतो आणि सांगितलं नाही.

असो. पॅचबद्दल दोन शब्द. खेळाचे नियम कंपनी अधूनमधून बदलते. हे बदल वर्षानुवर्षं आइसफ्रॉग या टोपणनावाच्या माणसाच्या हातात राहिले, ज्याचं खरं नाव कंपनीनं कधी जाहीर केलेलं नाही. म्हणजे करणारा दिसत नाही आणि केलेलं मात्र भोगावं लागतं. तज्ज्ञाला यापेक्षा मोठा आधार नाही. "नव्या पॅचमध्ये त्यांची लय बसली नाही" म्हटलं की समोरचा मान खाली घालतो.

एवढं करूनही लोक एक दिवस विचारतातच, "नेमकं कोण जिंकणार ते सांग." तेव्हा पळू नये. चिठ्ठी लिहून ठेवावी, आणि ती पेन्सिलीनं लिहावी, कारण या खेळात संघांची आयुष्यं फार छोटी असतात. विंग्जनं २०१६ ला ढाल उचलली आणि पुढच्या उन्हाळ्यात विंग्ज नावाचा संघच नव्हता. शाईनं लिहिलेलं वाया जातं.

२०२५ च्या गणपतीत, हँबुर्गची स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या रात्री, भाच्यानं मला हाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "नाव लिहून ठेवलंय. निकाल लागला की दाखवतो." १४ सप्टेंबरला, रविवारी, फाल्कन्स जिंकले. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि तांदळाच्या डब्यात हात घालायला सांगितलं. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात 'फाल्कन्स' होतं, खाली तारीख. पोरगा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं मला ड्राफ्टच्या वेळी हाक मारायला सुरुवात केली. तज्ज्ञाच्या आयुष्यात असे दिवस थोडे येतात.

माझे सहा आले. पुढच्या शनिवारी, घटस्थापनेआधी, त्याच्या मामीनं मांडणी खाली घेतली. हळदीच्या बरणीत स्पिरिट निघाले. डाळीच्या डब्यात लिक्विड. एक्स्ट्रीम गेमिंग रव्यात, टंड्रा चौरंगाखाली, हिरोइक मीटरच्या पेटीत. स्पर्धेत सोळा संघ होते आणि घरात डबे भरपूर. मामीनं सगळ्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवून ओट्यावर लावल्या आणि विचारलं, "हे किराणाचं उसनं आहे का?"

भाचा एकेक चिठ्ठी उचलून वाचत होता. सगळ्या वाचून झाल्यावर म्हणाला, "मामा, एक कमी आहे. पंधराच आहेत."

"एक तू घेतलीस," मी म्हटलं.

"मग या रद्दीत टाकू?" मामी म्हणाली.

"नको, राहू देत. पुढची स्पर्धा शांघायला आहे," मी म्हटलं आणि भाच्याकडे खोडरबर मागितला.