अर्धी शाळा, अख्खा बाप

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या किनाऱ्यावर लोकमान्य टिळकांच्या नावाचा घाट आहे. म्हणजे मराठी माणसाला इथे फुशारकी मारायची सोय आहे आणि मी ती मारतोही. फक्त १९५३ चा विषय निघाला की मी कॉफीच्या पेल्यात तोंड खुपसतो.

त्या वर्षी मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी यांनी खेड्यांतली प्राथमिक शाळा तीन तासांवर आणली. सकाळी एक पाळी, दुपारी दुसरी. खोली तीच, मास्तर तोच, पोरं दुप्पट. दहा वर्षांत सगळ्या मुलांना शिकवा, असं राज्यघटना सांगत होती आणि तिजोरीत खडखडाट होता. हिशेब चोख होता, नाही कशाला म्हणायचं.

उरलेल्या वेळात पोराने बापाचा धंदा शिकायचा. कुंभाराच्या पोराने चाक, परटाच्या पोराने धुणं. आणि शेतमजुराच्या पोराने? त्याने दुसऱ्याच्या बांधावर राबायचं. त्यासाठी पुस्तकं छापावी लागत नाहीत, ही आणखी एक बचत. पेरियार आणि द्रमुकवाल्यांनी या योजनेचं बारसं केलं: ‘कुलक्कल्वी’, कुळाचं शिक्षण. नाव असं चिकटलं की सरकारी नाव कुणाला आठवेना.

इकडे तिरुवल्लिकेणीत हिंदू हायस्कूलची घंटा आपली पूर्वीसारखीच वाजत राहिली. योजना खेड्यांसाठी होती ना! मला हळहळ वाटते. वकिलाचा मुलगा दुपारी पुढची तारीख मागायला शिकला असता, कारकुनाचा फाईल दाबून ठेवायला. आमदाराच्या मुलाला मात्र वेगळी पाळी नको. तो जेवताना शिकतो.

योजना रद्द करा या ठरावावर विधानसभेत मतं १३८-१३८ अशी समसमान पडली. विधानसभाध्यक्षांच्या एका मताने योजना तरली. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं, समिती बसली. तिचे अध्यक्ष कोण? मुंबईचे रा. वि. पारुळेकर. मोठे शिक्षणतज्ज्ञ, आपलेच. नोव्हेंबरात अहवाल आला: योजना योग्य आहे. म्हणून तो कॉफीचा पेला.

एप्रिल १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि मे महिन्यात योजना गुंडाळली गेली. कामराजांची स्वतःची शाळा पोरवयातच सुटलेली. समितीवर त्यांची वर्णी काही लागली नसती.