साधारण पगार आणि सेकंडहँड गाडी

जुनी मोटारगाडी घेण्यात दोन कामे असतात : किंमत पाडून घेणे आणि त्या किमतीचे पैसे उभे करणे. साधारण पगाराचा मराठी माणूस आपली सगळी हुशारी पहिल्या कामात संपवतो.

विकायला निघालेली गाडी बहुधा 'सिंगल हँड' असते आणि एका डॉक्टरांनी ती फक्त दवाखान्यात जाण्यायेण्यासाठी वापरलेली असते. या हिशेबाने राज्यातल्या डॉक्टरांचा रोग्यांपेक्षा गाड्या विकण्यातच जास्त वेळ जात असावा. मीटरवर ४८,००० किलोमीटर दिसतात. मीटर मागे फिरवता येतो, ब्रेकच्या पेडलवरचे रबर मात्र पुन्हा जाड होत नाही. ते गुळगुळीत झाले असेल, तर डॉक्टरांचे पेशंट बरेच लांब राहत असले पाहिजेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. २०१७ च्या गाडीला 'कंपनीचेच' म्हणून दाखवलेले टायर २०१९ चे निघाले, की पुढची माहितीही त्याच मापाने घ्यावी. पत्र्याला लोहचुंबक लावावे. चिकटले नाही तर आत पुट्टी आहे. इंजिन थंड असतानाच चालू करून पाहायचे असते, म्हणून विक्रेता ते आधीच गरम करून ठेवतो.

घासाघीस करायला मेहुणा आणि मेकॅनिक सोबत नेण्याची रीत आहे. मेकॅनिक बॉनेट उघडतो, ऑइलचे झाकण काढून वास घेतो आणि काही न बोलता मान हलवतो. या मान हलवण्याचे साधारण पाच हजार रुपये धरावेत. तेवढ्यात 'काही बोलायचे नाही' असे बजावून आणलेली मुलगी मागच्या सीटवरून "बाबा, हीच घेऊ या!" म्हणते आणि ते पाच हजार परत जातात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत, त्यात ही सोय होती : घरच्यांना काही कळत नसे.

आता कर्ज. बँका जुन्या गाडीला नव्यापेक्षा चढा दर लावतात आणि मुदतही कमी देतात. पतसंस्थेला जामीनदार लागतात. पण ऑफिसात ज्याचा पगार जामिनाला पुरेल असा प्रत्येक जण आधीच कुणाला तरी जामीन राहून पस्तावलेला असतो. अशा वेळी विक्रेताच मदतीला धावतो. त्याच्याकडे नऊ टक्क्यांचे कर्ज असते, बँकेचे अकरा. नऊ अकरापेक्षा कमी हे चौथीतल्या मुलालाही समजते आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. विक्रेत्याचे नऊ 'फ्लॅट' असतात, म्हणजे कितीही हप्ते फेडले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. २ लाखांवर तीन वर्षांत ते ५४,००० होते. बँकेचे अकरा टक्के घटत्या शिलकेवर असतात. त्याच मुदतीत व्याज सुमारे ३५,७०० भरते. पाच हजारांसाठी दोन रविवार भांडलेला माणूस इथे अठरा हजार एका सहीत देतो, वर चहाला चांगला म्हणतो. विक्रेत्याला फ्लॅट की घटता, एवढे दोन शब्द विचारणारे गिऱ्हाईक फार आवडत नाही.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. त्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे कुणाला न धडकल्याचे पुण्य विकणारा बरोबर घेऊन जातो आणि घेणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. पैसे पोचल्यावर विक्रेता सह्यांसाठी फोन उचलेनासा होतो. मात्र नाव बदलेपर्यंत ई-चलन त्याच्याच मोबाइलवर जाते. मुलीच्या बाबांनी एखादा सिग्नल तोडला, की डॉक्टर स्वतःहून फोन करतात.