पॉलिसी बघणारे अण्णा

सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींत एक गृहस्थ हमखास असा असतो की बाजारातल्या सगळ्या मेडिक्लेम पॉलिसी त्याला तोंडपाठ असतात आणि स्वतःकडे एकही नसते. सांगलीच्या आमराईत भेटणारे आमचे अण्णा त्यांतले. वय 68, पाटबंधारे खात्यातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त. उभा जन्म दुसऱ्यांच्या बिलांवर शेरे मारण्यात गेला. निवृत्तीनंतर हातातलं लाल पेन स्वस्थ बसू देईना, तेव्हा त्यांनी पॉलिसीचे कागद पुढ्यात ओढले.

चांगल्या घरची माणसं मुलीसाठी स्थळं बघतात तशी अण्णा पॉलिसी बघतात. हिचा को-पे, म्हणजे दर बिलातला आपला वाटा, वीस टक्के; नको. तिला मोतीबिंदूवर मर्यादा, नको. तिसरीत सगळं उत्तम, पण हप्ता? शिव शिव!

पूर्वी त्यांच्याकडे भक्कम कारण होतं. पासष्टीपुढच्या माणसाला कंपन्या दारात उभं करत नाहीत, असं ते हताशपणे, पण जरा सुखावूनच सांगायचे. विमा नियामकाने एप्रिल 2024 पासून ती पासष्टीची अट काढून टाकली. त्याच वेळी जुन्या आजारांवरच्या क्लेमसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त चार वर्षांची होती, ती तीनवर आणली. कट्ट्याने अण्णांचं अभिनंदन केलं. अण्णा म्हणाले, "चारवरून तीनवर आले ना? थांबा, दोनवर येतील."

जानेवारी 2025 मध्ये नवा हुकूम निघाला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाला विचारावं. अण्णा म्हणाले, "म्हणजे दहा टक्के दरवर्षी वाढवायची मोकळीकच दिली की!" हप्त्यावरच्या अठरा टक्के जीएसटीवरून तर ते वर्षभर सरकारला धारेवर धरत होते. 22 सप्टेंबर 2025 ला तोही शून्य झाला. त्या दिवशी अण्णा खरोखर अडचणीत आले. पण लेखाधिकारीच ते. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर तयार होतं. "कर गेला, म्हणजे कंपन्यांचं इनपुट क्रेडिटही गेलं. ते कुणाच्या खिशातून काढणार?" तीन वर्षांची प्रतीक्षा नको म्हणून अण्णा थांबलेत, त्यालाही आता तीन वर्षं होतील.

ज्ञान मात्र पक्कं. मिरजेत कुणी अ‍ॅडमिट झालं की अण्णा भेटायला जातात आणि तब्येतीआधी विचारतात, "रूम कितीची?" पेशंटने दहा हजारांची म्हटलं की पुढचा प्रश्न, "आणि पॉलिसीत मर्यादा?" पाच हजार असं उत्तर आलं तर अण्णा पलंगाच्या कडेला बसतात आणि समजावून सांगतात, की कापले जाणार ते फक्त खोलीचे पाच हजार नव्हेत; डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, सगळं निम्म्यावर येणार. औषधं, तपासण्या आणि आत बसवलेला सांधा एवढंच वाचतं. हे शंभर टक्के खरं आहे. पण ऐकणाऱ्याच्या छातीला तेव्हा वायरी लावलेल्या असतात.

एकदा त्यांनी फॉर्म भरायलाही घेतला होता. "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल," असं एजंटाने सुचवताच अण्णांनी त्याला घराबाहेर काढलं. यात ते बरोबरच होते. आजार लपवला की क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. पण मग त्यांनी शुगरखाली लहानपणची कावीळ लिहिली, सायकलवरून पडून मोडलेला हात लिहिला आणि पुरवणी जोडली. कंपनीने वैद्यकीय तपासणीला बोलावलं तेव्हा मात्र गेले नाहीत. "तपासणीत नको ते काही निघालं म्हणजे?"

काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, हे सगळं पाहिलं आणि 2023 मध्ये मुलीला सांगून स्वतःपुरती पॉलिसी घेतली. वीस टक्के को-पेची, अण्णांनी नापास केलेलीच. बीपी लिहिलं, तपासणी केली, सही केली. मोतीबिंदूसाठीची दोन वर्षांची प्रतीक्षा संपताच एका डोळ्याचं ऑपरेशन कॅशलेस करून आल्या. अण्णांनी ते बिल तीन दिवस वाचलं. हातमोज्यांचे पैसे कंपनीने दिले नव्हते. विमा लोकपालाकडे पाठवायच्या तक्रारीचा मसुदा त्याच रात्री तयार झाला. काकूंनी तो दुधाच्या हिशेबाला वापरला.

सध्या अण्णांची नजर सत्तरीवर आहे. सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर 2024 पासून ते सुरू आहे. "दोनच वर्षं काढायचीत," असं म्हणून अण्णा हल्ली जिना जपून उतरतात.

तुम्हाला पॉलिसी घ्यायची असेल तर कागद घेऊन अण्णांकडेच जा. बारीक अक्षरातली खोच त्यांच्याइतकी कुणालाही सापडत नाही, आणि चहाही मिळेल. फक्त "मग तुम्ही कुठली घेतलीत?" हे काकूंच्या देखत विचारू नका.