झेंडू पंधरा किलो, मावश्या चार

सजावटीचं कोटेशन हाती आल्यावर वधूने ते आधी उलटं धरून पाहावं. आकडा तरीही डोळ्यांत खुपत असेल, तर फुलं घरीच करायचा ठराव त्याच बैठकीत संमत करून घ्यावा. उशीर केला की डेकोरेटर ‘बजेटमध्ये बसवून देतो’ म्हणतो आणि कमानीवर प्लास्टिकचे गुलाब येतात.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. फुलांच्या हिशेबाने सर्वांत स्वस्त लग्न दसऱ्याच्या रात्री लागेल. सकाळी ज्या झेंडूसाठी लोक हमरीतुमरीवर येतात, तो रात्री रस्त्याकडेला ढिगाने पडून असतो. अडचण एवढीच, की तेव्हा चातुर्मास चालू असतो आणि तुळशीचं लागल्याशिवाय तुमचं लावायला गुरुजी तयार होत नाहीत. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडाही सोडावा. मावळातल्या पॉलिहाउसमधला डच गुलाब तेव्हा व्हॅलेंटाइनच्या वाटेवर असतो, आणि ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही ते लोक ठरलेल्यांपेक्षा जास्त पैसे मोजतात. वैशाखात मोगरा मुबलक. माझं लग्न वैशाखातलं. घामही मुबलक.

खरेदीला पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात हजर व्हावं. प्रत्येक घरात एक मामा असतो, ज्याची ‘दादरला ओळख आहे’. त्याला घरी झोपू द्यावं. ओळखीच्या माणसाकडे घासाघीस करता येत नाही, शिवाय मामा सगळ्यांना चहा पाजतो आणि तो चहा आपल्या खर्चात धरला जातो. डच गुलाब विसाच्या गड्डीने मिळतो, जरबेरा दहाच्या, झेंडू किलोवर. गड्डीची बाहेरची रांग बायोडेटातल्या फोटोसारखी असते. आतल्या रांगेची कल्पना प्रत्यक्ष भेटीतच येते. म्हणून गड्डी उघडून पाहावी. फुलवाली ओरडेल. ओरडू द्यावं.

आता गणित. झेंडू एकाला एक टेकवून ओवला तर फुटाला आठ-दहा फुलं लागतात. कमान, जिना, गौरीहर आणि जेवणघराचं दार मिळून माझे दीडशे फूट झाले, म्हणजे दीड हजार फुलं. टपोरा झेंडू किलोत शंभरेक बसतो. इथवर कागद फार सुरेख दिसतो. दीड हजार वेळा सुई कोण घालणार, हा रकाना कागदावर नसतो.

साठवण हे शास्त्र आहे. गोणीतला झेंडू आल्याबरोबर चादरीवर मोकळा करावा, नाहीतर आतल्या आत तापून सकाळी काळा पडतो. (हॉलमध्ये झेंडू पसरल्यावर पाहुणे कुठे झोपले, हे विचारू नये.) मोगऱ्याच्या कळ्याच घ्याव्यात आणि ओल्या मलमलीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. कार्नेशन मात्र आंब्यांशेजारी ठेवू नये. पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलं माना टाकतात. मी हे आईला समजावून सांगितलं. तिने हापूसची पेटी आणि कार्नेशन यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि कार्नेशन बाहेर काढलं. जरबेरा उथळ पाण्यात उभा करावा, खोल पाण्यात त्याचा दांडा सडतो. हिरवा फोम बादलीत नुसता सोडून द्यावा, तो आपणहून बुडतो. दाबला तर आत कोरडा राहतो. माझ्या काकांना कुठलीही गोष्ट आपणहून होऊ द्यायची सवय नाही.

मावश्या चार असाव्यात आणि चौघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवावं. एकीची माळ घट्ट, दुसरीची सैल, आणि ‘देठातून सुई घालायची की मधून’ यावरून 1987 सालच्या एका बारशाचा विषय निघतो. आत्याला बोलवायला विसरू नये. मी विसरले. रात्री अकराला ती स्वतःची सुई घेऊन आली, काही बोलली नाही, मावश्यांनी केलेली बारा फूट माळ उसवली आणि पुन्हा ओवायला बसली.

लग्नहारांची जोडी हारवाल्याकडूनच घ्यावी. तिथे काटकसर नको. घरी केलेला हार अंतरपाट दूर झाल्यावर, सगळ्यांचे मोबाइल वर असतानाच सुटतो.

शेवटी हिशेब. फुलांना लागले साडेनऊ हजार. डेकोरेटरने सांगितले होते साठ. वाचलेल्या पैशांतून चौघी मावश्यांना साड्या झाल्या, आत्याला पैठणी झाली, आणि ती पैठणी आहे हे कळल्यावर मावश्यांना पुन्हा एकेक. उरलेला झेंडू बाबांनी गच्चीवर वाळत घातला आणि विसरले. पावसाळ्यात सोसायटीच्या सगळ्या कुंड्यांत झेंडू उगवला. सेक्रेटरींनी परवा येऊन विचारलं, दसऱ्याला तोरण करायचंय, तुमच्या आत्या मोकळ्या आहेत का?