नोटीस समजावून सांगण्याबाबत मार्गदर्शक सूचना

कलम 1. या सूचना दिल्लीतल्या पहाडगंजाच्या हद्दीत लागू राहतील. इतरत्र लागू करायच्या असल्यास आधी आमच्या काकांना तिकडे न्यावे लागेल आणि गुडघ्यांमुळे ते हल्ली रामकृष्ण आश्रम मेट्रो स्टेशनाच्या पलीकडे जात नाहीत.

कलम 2. 'काका' म्हणजे केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, नूतन मराठी शाळेच्या आसपास राहणारे, चष्म्याच्या दोन जोड्या बाळगणारे गृहस्थ. या व्याख्येत काकूंचा समावेश होत नाही.

कलम 3. नोटीस आली की ती वाचू नये. आधी पाकीट बघावे. 'पंधरा दिवसांत खुलासा करा' असे आत लिहिलेले असते. पण ते पंधरा दिवस कागदावरच्या तारखेपासून मोजायचे की हातात पडल्यापासून, हा वाद निघाला तर टपालाचा शिक्का कामी येतो. पाकीट फेकणारा माणूस पुरावा फेकतो. मेन बाजारातल्या एका लॉजवाल्याने अशा पाकिटावर धोब्याचा हिशेब लिहिला. काकांनी तो हिशेब तपासून दिला, त्यातली चूकही काढली, पण पुढे आठवडाभर त्याच्या नमस्काराला नमस्कार केला नाही.

कलम 4. पाठवणारा कोण, हे मग ठरवावे. आमच्याकडे हे सोपे नाही. गटार महापालिकेचे, पाणी जल बोर्डाचे, धूर प्रदूषण नियंत्रण समितीचा, आग अग्निशमन सेवेची, पोलीस थेट केंद्रीय गृहमंत्रालयाचे, आणि रस्ता ओलांडला की रेल्वेचे राज्य सुरू. गल्लीतली जुनी माणसे या सगळ्यांना मिळून 'कमिटीवाले' म्हणतात आणि अर्ध्या वेळा भलत्याच दारात जाऊन रांग लावतात. म्हणून आधी लेटरहेड बघा. 2012 साली महापालिकेची तीन शकले झाली तेव्हा आपण 'उत्तर दिल्ली'त गेलो. मे 2022 मध्ये ती पुन्हा एक झाली. जुन्या पावत्यांवर वेगळे नाव दिसले म्हणून कागद खोटा समजू नये.

कलम 4(अ). महापालिकेच्या 'सिटी-एसपी झोन' यातला एसपी पोलिसांचा नव्हे. तो सदर-पहाडगंज. नोटिशीवर 'एसपी' वाचून एका दुकानदाराने आधी वकील गाठला होता.

कलम 5. नोटीस शेवटून वाचावी. काय करायचे, कधीपर्यंत, कुठे जाऊन, एवढेच शोधायचे असते. ते बहुधा 'अन्यथा' या शब्दाच्या दोन ओळी अलीकडे किंवा पलीकडे सापडते. हा नियम काकांनीच मला शिकवला. ते स्वतः मात्र 'उपरोक्त विषय के संदर्भ में' पासून सुरुवात करतात. हिवाळ्यात हवा बिघडली की ढाबेवाला येऊन विचारतो, "अंकलजी, तंदूर जलेगा या नहीं?" उत्तर एका शब्दाचे आहे. कोळसा-लाकडावरचा तंदूर असेल तर नाही. गॅस नाहीतर वीज वापरा. पण काका त्याला खुर्ची देतात. मग हवेचा निर्देशांक 201 वर गेला की निर्बंधांचा पहिला टप्पा, 301 वर दुसरा, 401 वर तिसरा, 450 ओलांडल्यावर चौथा, कोणत्या टप्प्यात बांधकामे थांबतात, कोणत्या टप्प्यात कोणत्या गाड्या अडतात, असे सगळे येते. ढाबेवाल्याकडे गाडी नाही. बांधकाम तर नाहीच नाही. इकडे तंदूर धुमसतोच आहे.

कलम 6. वर 'प्रारूप' लिहिले असेल तर घाबरू नये. तो नुसता मसुदा. हरकत लेखी द्यावी, तीही मुदतीत.

कलम 7. जमावबंदीला '144 लगी है' म्हणू नये. 1 जुलै 2024 पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163 झाले. काका हे भाजीवाल्याला दर वेळी सांगतात. भाजीवाला दर वेळी "अच्छा जी" म्हणतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला 144 च सांगतो.

कलम 8. परदेशी पाहुण्यांबाबत. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत सी-फॉर्म भरायचा, हे पहाडगंजातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. 1946 चा परदेशी नागरिक कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आला, तरी लॉजवाल्यांच्या तोंडी फॉर्मचे नाव तेच. लॉजवाले एवढेच विसरतात की हा नियम राहत्या घरालाही आहे. काका विसरत नाहीत. अमेरिकेतली सूनबाई लग्नानंतर पहिल्यांदा गणपतीला आली. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि ती उंबऱ्यावरचे माप ओलांडते आहे तोच काकांनी तिच्याकडे पासपोर्ट मागितला. मुलगा चिडला. सून हसली आणि व्हिसाचे पान उघडून दिले. त्या दिवसापासून ती काकांची लाडकी आहे. दर सुट्टीला आली की चप्पल काढण्याआधी पासपोर्ट काढते.

कलम 9. उत्तर लेखीच द्यावे, नोटीस चुकून आली असली तरीही. तोंडी बोलणे फायलीत लागत नाही. दोन प्रती कराव्यात, एक तिथे द्यावी, दुसरीवर डायरी नंबर, तारीख आणि शिक्का घ्यावा. शिक्का पुसट उठला तर "जरा दुबारा" म्हणण्याची लाज बाळगू नये. पोच नाही म्हणजे तुम्ही गेलाच नव्हता.

परंतुक : विट्याकडचा एक गलाईवाला पोरगा, सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यातला, करोल बागेतून नोटीस घेऊन आला होता. हिंदी बोलता येई, पण सरकारी हिंदीपुढे रडकुंडीला आलेला. काकांनी त्या दिवशी इतिहास सांगितला नाही. चार ओळींचे उत्तर लिहिले, त्याला वाचून दाखवले आणि कलम 1 मधली गुडघ्याची अट मोडून त्याच्याबरोबर खिडकीपर्यंत गेले. मी बरोबर होतो. रांगेत उभे राहून ते त्या पोराला एवढेच म्हणत होते, "अरे, सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं नसतं. मिळाल्याची सही ती." अशी माणसे सरकारने खिडकीच्या आतल्या बाजूला का बसवू नयेत, ते मला कळत नाही. तीस-पस्तीस वर्षे बसवले होते म्हणा, पण तेव्हा ते नोटिसा लिहीत होते.

कलम 10. स्वतः नोटीस लिहू नये. इमारतीची पाण्याची टाकी धुवायची होती, सूचना लिहायला काकांना सांगितले. दोन पाने झाली. विषय, संदर्भ, मागच्या धुलाईची पार्श्वभूमी, 'अधोहस्ताक्षरी', आणि खाली 'प्रतिलिपि सूचनार्थ' म्हणून चौकीदारासह सात नावे. लोक जिन्यात थांबून वाचत, मान हलवत आणि वर जात. दुपारी काकू खडू घेऊन उतरल्या आणि त्या कागदाखाली भिंतीवर लिहून आल्या : 'इतवार को पानी नहीं आएगा. शनिवार रात को भर लो.'

काकांनी खाली जाऊन फक्त तारीख घातली.